तीन घडीच्या कागदावरची घोडी

सन दोन हजार तेवीस. मला बहात्तरावं लागलं होतं. त्या वर्षी मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत मी माझी घोडी विकली. विकावी लागली, असं गावात म्हणतात. मी तसं लिहिणार नाही. माझा हात होता, मीच दिला.

आमचं गाव शहादा तालुक्यात, तापीपासून फार लांब नाही. शेतात पपई, थोडा ऊस, आणि घराच्या मागे गोठा. गोठ्यात बैल असायचे, आता ट्रॅक्टर आहे. पण घोडी कायम असायची. वडिलांनी याच यात्रेतून एक घोडी चालवत आणली होती. तिची पोर, त्या पोरीची पोर, अशा आमच्याच खुंट्यावर वाढल्या. मी चौथीपर्यंत शिकलो. पाचवीच्या पहिल्या दिवशी घरी घोडी व्यायली होती, आणि ओलं शिंगरू सोडून शाळेत जाणं मला पटलं नाही. दुसऱ्या दिवशीही पटलं नाही. मग मास्तरांनी पटावरून नाव काढलं. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. घोड्याचं मला जे कळतं ते शाळेत शिकवत नव्हते.

ही शेवटची घोडी रंगाने कुमैत, म्हणजे गडद तांबूस, आयाळ काळी. कपाळावर पांढरा ठिपका आणि मागचा डावा पाय खुरापासून वर वीतभर पांढरा. या पायाचं आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्या पायावर आहे. आमच्या भागातले घोडेवाले मानतात की एकच पाय पांढरा असेल तर तो डावा असावा. स्वार डावीकडून रिकिबीत पाय घालून चढतो, ती बाजू उजळ असलेली चांगली. मागचा उजवा एकटाच पांढरा असेल तर ते जनावर दारात बांधत नाहीत. खरं की खोटं मला माहीत नाही. माझे वडील मानत होते, मी मानतो, आणि घोडी घ्यायला येणारे निम्मे लोक मानतात.

दुसरी गोष्ट तिच्या स्वभावाची. ती शिंगरू असताना आमच्या गल्लीतून एक वरात गेली. गोठ्याच्या कुडाला लागूनच कोणी तरी फटाक्यांची माळ लावली. तेव्हापासून ढोल वाजला की तिचं अंग थरथरायचं. डोळे पांढरे करायची. गावात लग्न असलं की मी तिला शेतात नेऊन बांधायचो आणि वाजंत्री थांबेपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहायचो. बाकी वेळी इतकी गरीब की सूनबाई तिच्या पोटाखालून शेण काढायची.

त्या पावसाळ्यात मी गोठ्याच्या ओट्यावरून घसरलो आणि खुबा मोडला. नंदुरबारला ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण घोड्यावर बसायचं विसरा. मी विसरलो नाही, पण बसताही आलं नाही. मुलगा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये आहे, तो दिवाळीला येतो. घरी मी आणि सूनबाई. घोडी खुंट्याला उभीच. उभी घोडी आतून बिघडते, पाय सुजतात, मन जातं. मुलाने फोनवर सांगितलं, "आबा, इकी टाका. कोनले बी द्या."

कोणाला पण देणार नव्हतो. यात्रेत घोड्या घेणारे बरेच असतात आणि त्यांतले अर्धे वरातवाले. घोडी घेतात, झूल घालतात, नवरदेव बसवतात आणि डीजेसमोर नाचवतात. माझ्या घोडीला ते चालणार नव्हतं. ती एक तर कोणाला तरी पाडून मारेल, नाही तर स्वतः मरेल. मला एकच माणूस पाहिजे होता, ज्याला घोडी घोडी म्हणून पाहिजे. बाकी माझी काही अट नव्हती.

सूनबाई बारावी शिकलेली. मोबाईलवर आणि मुलाने आणून दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर लग्नाच्या पत्रिका करते, वाढदिवसाचे बॅनर करते. इंटरनेटवरच डिझाईन करायचं एक सॉफ्टवेअर आहे, त्यात सगळं होतं म्हणे. मी म्हटलं, यात्रेत खुंट्यावर फ्लेक्स लावू, सगळेच लावतात.

ती म्हणाली, "आबा, फ्लेक्स तठेच ऱ्हास. मानूस घर जास. कागद त्याना खिसामा जाई."

मला ते पटलं. तिचं पटलं असं मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, कर तुला करायचं ते, मी पाहीन.

तिने जुन्या कॅलेंडरचं एक पान घेतलं, त्याच्या दोन घड्या घातल्या आणि माझ्यासमोर धरलं. तीन भाग पुढे, तीन भाग मागे. कुठलं तोंडावर येईल, कुठलं आत जाईल, कुठलं पाठीवर, ते पेन्सिलीने लिहून दाखवलं. गंमत अशी की लॅपटॉपवर तोच कागद उघडा पसरलेला दिसतो, आणि वाचताना पहिला येणारा भाग तिथे डावीकडे नसतो. सगळ्यात उजवीकडचा भाग घडी घातल्यावर तोंडावर येतो. हे मला समजायला एक संध्याकाळ गेली. मी मान हलवत होतो, पण समजलं दुसऱ्या दिवशी, ते कॅलेंडरचं पान एकट्याने उलगडून आणि मिटून पाहिलं तेव्हा.

तिने जो तयार नमुना निवडला तो दातांच्या दवाखान्याचा होता. वर हसणारी बाई, खाली दातांची ओळ. ती ते पुसायला लागली.

मी म्हटलं, "दात ऱ्हाऊ दे. घोडानं वय दातवरूनच समजस."

ती हसली. मग बाईच्या जागी तिने घोडी ठेवली. फोटो तिनेच काढला होता, सकाळच्या उन्हात, पपईच्या बांधावर. फोटो चांगला होता. घोडी उजवीकडे तोंड करून उभी, मान वर, कान टवकारलेले, चारही पाय स्पष्ट.

मी माझा फेट्यातला फोटोही तोंडावर, घोडीच्या वर, घ्यायला सांगितला. तिने लावला. मी म्हटलं मोठा कर. तिने केला. मी म्हटलं अजून.

तेव्हा ती म्हणाली, "आबा, एक सांगा. घोडी इकनी शे का तुम्हले?"

माझा फोटो मागच्या घडीवर गेला, लहान होऊन.

मजकूर मी सांगितला आणि तिने टाईप केला. घोडीची आई कोण, आजी कोण, वडिलांनी कशी आणली. चाल कशी आहे. सवयी काय. आणि पुढच्या बाजूला खाली, लाल अक्षरात: वरातीसाठी मिळणार नाही. ती म्हणाली हे मागे टाकू, पहिल्याच नजरेला नाही-नाही नको. मी म्हटलं तेच पुढे राहील, बाकी काहीही मागे टाक. मग ती म्हणाली, अंगावरच्या खुणाही लिहू, कोणता पाय पांढरा, ठिपका कुठे. मी म्हटलं गरज नाही. ज्याला कळतं त्याला फोटोत दिसेल, ज्याला कळत नाही त्याला लिहून काय उपयोग. ती दोनदा म्हणाली. मी दोनदा नाही म्हटलं.

सगळं जुळून आल्यावर तिने पुन्हा घडी घालून कसं दिसेल ते दाखवलं. आणि तेव्हा मला ते खटकलं. घोडी उजवीकडे पाहत होती. कागद उजवीकडून उघडतो. म्हणजे घोडीचं तोंड कागदाबाहेर, ती निघून चाललेली.

आमच्यात घरात घोड्याची तसबीर लावतात तेव्हा तोंड आतल्या बाजूला ठेवतात. दाराकडे तोंड असलं तर बरकत बाहेर चालली असं मानतात. माझ्या आईने एकदा पाहुण्याने दिलेलं कॅलेंडर एवढ्याच कारणासाठी दुसऱ्या भिंतीवर नेलं होतं. मी सूनबाईला म्हटलं, "हिनं तोंड भायेर शे. घर सोडीसन निंघी चालनी अशी दिसी ऱ्हायनी. तोंड मझार पायजे."

"आबा, फोटो असाच शे."

"मंग दुसरा काढ."

"ऊन कोठे शे आते? थांबा, आठेच फिरावता येस. दखा."

तिने एका ठिकाणी बोट ठेवलं आणि घोडी फिरली. क्षणात. आता ती डावीकडे, म्हणजे आत, पाहत होती. घरात चालत येत असल्यासारखी. मला इतकं बरं वाटलं की मी तिला चहा ठेवायला सांगितलं आणि म्हटलं, आता कसं, आता घोडी घरात आली.

छापायला आम्ही शहाद्याला गेलो. प्रेसवाला चांगला माणूस. त्याने पहिली प्रत काढली, घडी घातली, आणि आत जाणारा भाग केसभर अरुंद का ठेवला ते दाखवलं, नाही तर कागद फुगतो. मग, आमच्याकडे वडीलधाऱ्याला म्हणतात तसं, म्हणाला, "जिभाऊ, एकदा नीट बघून घ्या. मग मशीन थांबत नाही."

मी चष्मा लावला. बोट ठेवून एक एक अक्षर वाचलं. माझं नाव, गाव, फोन नंबर, घोडीच्या आईचं वर्णन, लाल ओळ. माणूस कमी शिकलेला असला की छापील अक्षराला फार घाबरतो, मी अर्धा तास लावला. एक काना राहिला होता तो मी दाखवून दिला आणि प्रेसवाल्याने दाद दिली. घोडी मी पाहिली नाही. घोडी मला पाहायची गरज नव्हती. तिला मी रोज पाहत होतो.

एक हजार प्रती निघाल्या. गुळगुळीत कागद, वास अजून नवा. सूनबाईने तोच कागद मोबाईलवरूनही दहा-वीस घोडेवाल्यांना पाठवला.

यात्रेच्या आधीच नवापूरहून फोन आला. त्या माणसाचा तिथे कोंबड्यांचा मोठा फार्म आहे. मला तो ओळखत होता, एकदा माझ्याकडून लगाम घेऊन गेला होता. त्याच्या आवाराला भिंत आहे, मागे मोकळं मैदान आहे आणि दोन घोडे तो केवळ हौसेने पाळतो. वरातीला घोडा दे म्हणून सख्खा मेहुणा आला तरी त्याने दिला नाही, हे मी दुसऱ्याकडून ऐकलेलं. मला पाहिजे होता तो हाच माणूस.

तो म्हणाला, "चाचा, तुमचा कागद कोणी तरी बोलला मला. मी अजून पाहिला नाही. घोडी कुमैत आहे ना? पाय कोणता पांढरा?"

"मागला डावा."

"बस. मग दुसऱ्याला दाखवू नका. मी यात्रेत येतो."

मी फोन ठेवला आणि गोठ्यात गेलो. तिच्या मानेवरून हात फिरवला. खुबा मोडल्यापासून इतकी शांत झोप मला त्या रात्री पहिल्यांदा लागली.

यात्रेत तापीच्या काठाला घोड्यांच्या रांगा लागतात. आमचा खुंटा एका निंबाखाली होता. पहिले दोन दिवस सूनबाई रस्त्यावर उभी राहून कागद वाटत होती. तिसऱ्या दिवशी तिला पत्रिकांचं काम होतं म्हणून ती घरी थांबली. मी एकटा, घोडी, आणि बाजूच्या खुंट्यावर शिरपूरकडचा एक जुना घोडेवाला, माझ्याच वयाचा.

नवापूरवाला दुपारी आला. पांढरे कपडे, हातात आमचाच कागद, वाटेत कोणी तरी दिलेला. त्याने मला सलाम केला, तब्येत विचारली, खुब्याचं विचारलं. मग घोडीभोवती एक चक्कर मारली. दात पाहिले. मान पाहिली. आणि मागे जाऊन थांबला. कागदाकडे पाहिलं. घोडीच्या पायाकडे पाहिलं. परत कागद.

मला वाटलं, त्याला आवडली.

तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, दुसऱ्या कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, "चाचा, बुरा मानू नका. हा पाय जरा धुऊन दाखवाल का?"

याचा अर्थ घोडेवाल्याला समजावून सांगावा लागत नाही, पण इतरांसाठी लिहितो. यात्रेत लबाड लोक पाय रंगवतात. पांढरा नको तिथे काळं लावतात, काळा नको तिथे औषधाने पांढरा करतात. पाय धुऊन दाखवा, म्हणजे तुम्ही पाय रंगवलाय का.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"कागदावर वेगळं दिसतं म्हणून बोललो. हे पाहा." त्याने कागद पुढे केला.

मी कागदाकडे पाहिलं नाही. मी म्हटलं, "कागद मन्हा शे. माले काय दाखाडतस?"

"चाचा, पाहा तरी."

"मन्ही घोडीना पाय धुवानी वेळ अजून उनी नही. मन्हा बापनी बी कोनले पाय धुईसन दाखाडा नही."

बाजूचा शिरपूरवाला बसल्या जागेवरून म्हणाला, "जिभाऊ, दाखाडी द्या ना. पानीच टाकनं शे."

पाणी होतं. बादली भरून घोडीसमोरच ठेवली होती, आणि तांब्या बादलीत तरंगत होता. मी वाकलो नाही. खुब्यामुळे वाकता येत नव्हतं असं मी पुढे काही दिवस स्वतःला सांगितलं. शिरपूरवाला ओतायला उठतच होता. त्यालाही मी हाताने बसवलं.

नवापूरवाल्याला मी म्हटलं, "ज्याले घोडी समजत नही त्याने कोंबड्या मोजाव्या."

दोन-चार लोक हसले. तो हसला नाही, रागावलाही नाही. कागद नीट त्याच्या घडीवर मिटला, खिशात घातला, म्हणाला, "ठीक आहे चाचा. तब्येत सांभाळा." आणि गेला. गर्दीत त्याची पांढरी पाठ बराच वेळ दिसत होती. एक हाक मारली असती तर तो थांबला असता. माझा आवाज तेव्हा चांगला होता.

मग जे लोक हसले होते ते कुजबुजू लागले. जिभाऊंनी पाय दाखवला नाही. पुढचा एक तास कोणी माझ्या खुंट्यावर थांबेना. येत होते, पायाकडे पाहत होते आणि पुढे जात होते. मला वाटायला लागलं की सगळी यात्रा माझ्या घोडीच्या पायाकडे पाहतेय. त्यांना दाखवून द्यायचं होतं की माझी घोडी जशी आहे तशी, न धुता, जागच्या जागी विकली जाते.

तेव्हा धुळ्याकडचा एक वरातवाला आला. मी त्याला सकाळी एकदा परत पाठवलं होतं. तो म्हणाला, "जिभाऊ, मला पायाबियाचं काही नाही. झुलीखाली दिसतो कुठे पाय."

मी म्हटलं, "ढोलाला घाबरते ती."

"दोन लग्नांत सवय होते. नाही झाली तर कानात कापूस घालतो."

कागदावर लाल अक्षरात जे छापलं होतं ते त्याने वाचलं होतं. त्याने तेच बोट ठेवून मला दाखवलं आणि नुसता हसला. मी तेव्हा नाही म्हणायला पाहिजे होतं. ते वाक्य माझंच होतं, मीच हट्ट करून पुढच्या बाजूला घातलेलं. पण तिथून पाच खुंटे सोडून लोक उभे होते आणि माझ्याकडे पाहत होते. मी खांद्यावरचं उपरणं काढलं. आमच्याकडे जनावराचा भाव बोलून करत नाहीत, कापडाखाली हातात हात घेऊन बोटांनी करतात. मी त्याच्या हातावर उपरणं टाकलं. त्याने बोटं दाबली, मी दाबली. घासाघीस केलीच नाही. उपरणं काढलं तेव्हा सौदा झाला होता. बाजूचा शिरपूरवाला दुसरीकडे पाहत होता.

मी मोरखीची, म्हणजे घोडीच्या तोंडावरच्या बांधणीची, दोरी सोडून वरातवाल्याच्या हातात दिली. घोडी आधी हलली नाही. मग मीच तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली, रोज शेतात नेताना मारायचो तशी, आणि ती विश्वासाने चालायला लागली. पलीकडे कुठल्या तरी तंबूत ढोल वाजत होता.

घरी आलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. सूनबाईने भाकरी वाढली. मी जेवता जेवता तिला सगळं सांगितलं, आणि मोठ्या आवाजात सांगितलं. कोंबड्या मोजाव्या, हे तर दोनदा. तिने पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारलं, "पाय धुवाले का सांगं त्यानी?"

"म्हने कागदवर येगळं दिसस."

ती उठली. आत गेली, एक कागद घेऊन आली, माझा चष्मा माझ्या हातात दिला आणि कागद ताटाशेजारी ठेवला. "आबा, पाय दखा."

मी पाहिलं. घोडी डावीकडे तोंड करून, मान वर, चारही पाय स्पष्ट. मागचा उजवा पाय पांढरा.

मी कागद फिरवून पाहिला, जसं काही तसं केल्याने पाय परत डावा होईल. मग एकेक दिसायला लागलं. आयाळ नेहमी पडते त्याच्या दुसऱ्या बाजूला पडलेली. मोरखीची कडी उलट्या गालावर. सगळी घोडी आरशातली. असली घोडी माझ्याकडे कधी नव्हती. फोनवर मी डावा सांगितला, कागदावर उजवा दिसला, खुंट्यावर परत डावा. त्या माणसाने दुसरं काय समजावं? तो तर मला वाचवत होता. हळू बोलला, कागद पुढे केला, पाहा तरी म्हणाला. एक तांब्या पाणी टाकलं असतं तर पाय पांढरा तो पांढराच राहिला असता, आम्ही दोघांनी कागद पाहिला असता, हसलो असतो, आणि ती आज त्या मैदानात चरत असती.

सूनबाई म्हणाली, "मन्ही चूक शे आबा. मी फिरावं."

मी म्हटलं, "तुले घोडीना पाय काय ठावा? माले ठावा शे ना."

ती रडत होती, आणि घोडीसाठी रडत होती, माझ्यासाठी नाही. ते बरोबरच होतं. हजार कागद आम्ही वाटले. इतके घोडेवाले, त्यांतल्या कोणाला दिसलं नसेल असं नाही. जिभाऊला कोण सांगणार, असं त्यांनी मनात म्हटलं असेल. मी लोकांना तशी सवयच लावून ठेवली होती. ज्या माणसाने सांगायचं धाडस केलं त्याला मी कोंबड्या मोजायला पाठवलं.

ती म्हणाली, वरातवाल्याला फोन करू, घोडी परत द्या म्हणू. ते होत नाही. उपरण्याखाली हात दिला की विकणाऱ्याने परत मागायचं नाही, माझ्या वडिलांनी मागितलं नाही, मलाही तोंड नाही. ते मोडलं तर मग माझ्याकडे काहीच उरत नाही. पण दुसऱ्या गिऱ्हाइकाने त्याच्याकडून मागितलं तर त्याला बंधन नाही. वरातवाला शेवटी व्यापारी. लग्नाचा मोठा हंगाम सुरू व्हायला अजून थोडा वेळ होता. हे माझ्या डोक्यात आलं तेव्हा भाकरी ताटात तशीच वाळली होती.

सूनबाई म्हणाली, मग नवापूरला फोन लावून देते. मी म्हटलं नको. मी त्याला चार लोकांत बोललो होतो, आता फोनमधून कसं सांगणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुतलेली टोपी घातली, काठी घेतली आणि पहिल्या बसने नंदुरबार, तिथून नवापूर गाठलं. फार्मच्या फाटकावर रखवालदाराने अडवलं, तेव्हा म्हटलं, आत सांग, घोडीवाला म्हातारा आलाय. तो माणूस स्वतः बाहेर आला, हातातलं काम सोडून. मला पाहून म्हणाला, "चाचा, आधी आत या, बसा." मी म्हटलं, बसायला आलो नाही. उभ्यानेच त्याला सांगितलं की पाय डावाच आहे, कागदावरचा फोटो मी फिरवायला लावला होता, आणि काल जे बोललो ते चुकीचं बोललो. मग वरातवाल्याचं गाव सांगितलं, त्याचा नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली, आणि म्हटलं, मला मागता येणार नाही, तुम्ही आत्ता माझ्यासमोर फोन लावा.